दहावीच्या फोटोत नसलेले वर्गमित्र

शाळेची स्मरणिका हाती आली की वाचक प्रथम पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे उलटतो आणि थेट माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींपाशी येऊन थांबतो. अहवाल कुणी वाचत नाही, जमाखर्च तर मुळीच नाही. आठवणी मात्र घरातली म्हातारी माणसेसुद्धा मोठ्याने वाचून घेतात. आम्हांलाही हा भाग प्रिय आहे. नाशिक, येवला, चाळीसगाव आणि मराठवाड्यातील आपल्या संस्थांच्या अशा पुष्कळ स्मरणिका आम्ही आजवर जमविल्या आहेत. त्या ओळीने वाचल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. कंदील, अनवाणी पाय, मारकुटे पण मायाळू सर, वसतिगृहातील पातळ आमटी, दहावीचा निकाल, आणि शेवटी हुद्दा, याच क्रमाने प्रत्येक आठवण चालते. लेखक तहसीलदार असतो, अभियंता असतो, प्राध्यापक असतो, बँकेत व्यवस्थापक असतो. शाळेने घडविले म्हणून आम्ही इथवर आलो, असे तो कृतज्ञतेने लिहितो, आणि ते खरेच असते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र एक खोड असते. कागदावर जे लिहिले आहे त्याच्याइतकेच जे लिहिलेले नाही त्याकडे त्याचे लक्ष जाते. ज्यांनी शाळा मध्येच सोडली त्यांच्या आठवणी कोणत्या स्मरणिकेत छापल्या आहेत? आमच्या संग्रहात तरी एकही नाही. शाळेची गोडी त्यांना नव्हती असे नाही. कित्येकांना ती आमच्यापेक्षा अधिक होती. आठवण लिहिण्यासाठी आधी हुद्दा मिळवावा लागतो, असा एक अलिखित नियम आपण करून ठेवला आहे, आणि या लेखात त्या नियमाविरुद्ध आम्हांला बोलायचे आहे.

आम्ही शिकवतो या निवासी विद्यालयात, पण शिकलो मनमाडच्या आसपासच्या एका खेड्यातील हायस्कुलात. त्या शाळेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहोत ते त्या काळच्या कोणत्याही खेड्यातील हायस्कुलाला लागू पडेल. १९८०च्या दशकाची पहिली वर्षे. अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले आणि हडबीची शेंडी ही आमची क्षितिजे. प्राथमिक शाळा गावात होती, हायस्कूल मात्र चार-पाच खेड्यांत मिळून एक. अनकवाडे, कातरवाडी, रापली, भालूर, हिसवळ या बाजूंच्या मुलांना कुठे ना कुठे पायपीट ठरलेलीच. सकाळी भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून निघायचे, वाटेत कुणाच्या तरी शेतातील ओल्या हरभऱ्यावर हात मारायचा, आणि रेल्वेच्या रुळाला कान लावून गाडी किती लांब आहे याची पैज लावायची. दौंडकडे जाणारी गाडी, औरंगाबादकडे जाणारी मीटरगेजची छोटी गाडी, भुसावळहून येणारी मोठी गाडी, असे तीन निरनिराळे आवाज आम्हांला पाढ्यांच्या आधी ओळखू यायचे. घड्याळ कुणाच्याच हातात नव्हते. गाडी गेली की प्रार्थनेची वेळ झाली, एवढे ठाऊक होते.

वर्ग कौलारू होते. पावसाळ्यात दोन वर्ग एका खोलीत बसत. एका भिंतीकडे बीजगणित आणि दुसऱ्या भिंतीकडे संस्कृत सुभाषिते चाललेली असत. बाके आठवीपासून पुढच्या वर्गांना, त्याआधी गोणपाट. शनिवारी सकाळची शाळा, कवायत, आणि मग मुलींनी वर्ग सारवायचे आणि मुलांनी मैदानातील दगड वेचायचे. दरवर्षी वेचूनही ते दगड पुढच्या वर्षी पुन्हा कसे उगवत, हे कोडे आम्हांला भूगोलाच्या सरांनीही कधी उलगडून सांगितले नाही. इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेले, त्यामुळे आठवीपर्यंत सगळा कारभार पाठांतरावर. स्पेलिंगला सर चालता चालता वेताची छडी बाकावर आपटायचे आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा. गॅदरिंगला मुलांनीच साड्या नेसून स्त्रीपात्रे करायची, कारण आठवीपुढच्या मुलींना नाटकात उभे राहायला घरून परवानगी नसे. दहावीच्या वर्षी मात्र शाळेचे रूपच बदलून जाई. दिवाळीनंतर मुले अंथरुणे घेऊन शाळेतच झोपायला येत. रॉकेलच्या चिमण्या भिंतीला लावून रात्रीचा अभ्यास चाले, पहाटे चारला एखादे सर स्वेटर-मफलर गुंडाळून सायकलवर येत आणि झोपलेल्यांच्या तोंडावर पाणी शिंपडत. त्या सरांना त्याचा एक पैसाही जादा मिळत नसे. आज शिकवणीवर्गांचे फलक पाहताना त्या सायकलची आठवण होते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

पाण्याविषयी लिहिणे भाग आहे. मनमाड आणि पाणी या दोन शब्दांचे वैर सर्वांना माहीत आहे. वागदर्डी धरण भरले की नाही यावर गावाची मनःस्थिती ठरते, आणि नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी न येणे ही इथली जुनी हकिकत आहे. खेड्यांत तर विहीर हाच आधार. आमच्या हायस्कुलात रांजण होता आणि त्यावर ओगराळे होते. ते ओगराळे घेण्याचा आणि वरून पाणी ओतण्याचा मान काही मुलांचा होता. आम्ही ओंजळ धरायची. कुणी तोंडाने काही बोलत नसे. नियम फळ्यावर लिहिलेला नव्हता, पण पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला तो कळत असे. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ सालचा. आम्ही त्यानंतर सुमारे तीन दशकांनी ओंजळ धरीत होतो. नॉस्टॅल्जियाच्या भरात हा रांजण गाळून टाकण्याकडे आमच्याच पिढीचा कल दिसतो. ‘आमच्या काळी जात नव्हती, सगळे एका ताटात जेवत होतो,’ अशी वाक्ये मेळाव्यांतून ऐकू येतात. एका ताटात जेवलोही असू, नाही असे नाही, पण ते शेतात, सरांची नजर नसताना. शाळेच्या रांजणापाशी नाही.

तर दहावीचा फोटो. मनमाडहून छायाचित्रकार बोलावला होता. मध्ये खुर्च्यांवर शिक्षक, मागे बाकांवर उभी मुले, खाली सतरंजीवर मुली. फोटोत एकतीस जण आहेत. आठवीच्या वर्षी हजेरीत साठच्या आसपास नावे होती. म्हणजे दोन वर्षांत जवळजवळ निम्मा वर्ग गळून गेला होता, आणि फोटो काढताना त्यातल्या एकाचेही नाव कुणी उच्चारले नाही. मुलींचे प्रमाण तर सांगण्यासारखे नाही. आठवीला बारा-तेरा होत्या, सतरंजीवर चार. मुलीच्या लग्नाचे किमान वय १९७८ साली कायद्याने अठरा केले होते. ती दुरुस्ती आमच्या गावापर्यंत पोहोचायला बराच वेळ लागला. उन्हाळ्याच्या सुटीनंतर एखादी मुलगी वर्गात दिसेनाशी होई, आणि नागपंचमीला माहेरी आली की हिरव्या बांगड्या घालून पाणवठ्यावर भेटे. आमच्या वर्गात भूमितीत सगळ्यांत पुढे असलेली मुलगी अशीच नववीच्या आधी गेली. प्रमेय सिद्ध करताना ती फळ्यावर एकही रेघ पुसत नसे. तिच्याकडून गणित समजून घेणारे दोघे पुढे अभियंते झाले.

मुलांचे गळणे निराळे. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येई. उचल घेतलेली असे, ती फेडायला कोयता घेऊन कोपरगाव, संगमनेर, राहुरीच्या कारखान्यांकडे जायचे. आईबापाबरोबर धाकटी भावंडे जात, त्यांना सांभाळायला थोरली बहीण जाई, आणि बैलांना चारायला थोरला भाऊ. एप्रिलमध्ये परत येईपर्यंत वार्षिक परीक्षा उलटून गेलेली असे. कुणी वीटभट्टीवर गेला, कुणी मनमाडला अन्नधान्याच्या गोदामांत पोती उचलायला, कुणी रेल्वेच्या गँगमध्ये बापाच्या जागेवर. बापाच्या जागेवर रेल्वेत लागणे हे तर भाग्याचे लक्षण समजले जाई, आणि त्या घराच्या दृष्टीने ते भाग्यच होते. नववीतील मुलगा पगारी माणूस झाला म्हणून पेढे वाटल्याचे आम्ही पाहिले आहे.

या सगळ्याची नोंद शाळेत कशी होते? शिक्षक झाल्यावर आम्हांला जनरल रजिस्टर हाताळायला मिळाले, आणि इतिहासाच्या अभ्यासात दप्तरखान्यांतील कागद पाहताना जी उत्सुकता वाटे तीच या जाडजूड वहीने जागी केली. अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मदिनांक, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख. मग प्रगती, वर्तन, शाळा सोडल्याची तारीख, आणि शेवटी शाळा सोडण्याचे कारण. या शेवटच्या रकान्यात आमच्या वाचनात सर्वाधिक आलेले शब्द आहेत ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’. वाचताना वाटते की मुलाने काही अपराध केला. तो गैरहजर राहिला, म्हणून त्याचे नाव कमी झाले. कारखान्याचा हंगाम, उचल, लग्न, आईचे बाळंतपण, रांजण, यांपैकी कशालाही त्या रकान्यात जागा नाही. वर्तन मात्र सर्वांचे ‘चांगले’. चांगल्या वर्तनाची मुले विनाकारण निघून गेली, असा त्या रजिस्टराचा इतिहास आहे.

येथे वसतिगृहाचा प्रश्न येतो, आणि तो आपल्या या संस्थेच्या अस्तित्वाचाच प्रश्न आहे. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ साली ती सक्ती अमलात आणायला घेतली. पण त्याच्याही आधी, १९०१ पासून, त्यांनी कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी केली, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग त्यांतलेच. खेड्यातील मुलाला शाळेपर्यंत आणायचे तर शाळेआधी त्याला छप्पर आणि भाकरी दिली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांचे सगळे कार्यही याच खुणेने चालले. आणि बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, त्यानंतर तिच्या पहिल्या कामांत १९२५ साली सोलापुरात उघडलेले विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते. परिषदा, सत्याग्रह, वर्तमानपत्रे यांची आठवण आपण ठेवतो; या वसतिगृहाची सहसा काढत नाही. पुढे १९५० साली औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, तेही नागसेनवनातील वसतिगृहांमुळे फुलले. खानदेश-नाशिककडील कितीतरी मुले याच मनमाड स्टेशनवर मीटरगेजच्या गाडीत बसून, ट्रंकेत चिवडा आणि दोन कपडे घेऊन तिकडे गेली. नाशिकमध्ये शांताबाई दाणी यांनी मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. त्यांचे ‘रात्रंदिन आम्हां’ हे आत्मकथन आपल्या ग्रंथालयात आहे. पालकांनी, विशेषतः मुलींच्या पालकांनी ते जरूर घेऊन जावे.

मनमाडचा स्वतःचा अधिकार या इतिहासात मोठा आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद इथे भरली आणि अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हा विचार त्यांनी याच गावात मांडला, तो प्रत्येक जयंतीच्या भाषणात येतो. त्याच भाषणातील आणखी एक मुद्दा मात्र फारसा कुणी सांगत नाही. अस्पृश्य कामगार वर्षानुवर्षे गँगमनच का राहतो, असा प्रश्न त्यांनी केला होता. त्याला साधी पोर्टरची जागा का मिळत नाही? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात, आणि तिथे विटाळ आडवा येतो. म्हणजे कौशल्याचा प्रश्न नव्हताच. मनमाडच्या फलाटावर उभ्या असलेल्या हजारो कामगारांना हे सांगावे लागत नव्हते, ते रोज भोगत होते. बाबासाहेबांनी त्या भोगण्याला कारण दिले. जनरल रजिस्टराच्या शेवटच्या रकान्यात जे नसते, ते त्यांनी त्या दिवशी उघड सांगितले होते, असे आम्हांला वाटते.

आता कुणी म्हणेल, हे सारे जुने झाले. आज शिक्षण हक्क कायदा आहे, पोषण आहार आहे, गणवेश-पुस्तके फुकट आहेत, मुलींना एसटीचा प्रवास मोफत आहे. हे सर्व आहे, आणि त्याने फरक पडला आहे. परंतु पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत लागू आहे. शाळेतील दुपारचा आहार आठवीपर्यंत. म्हणजे ज्या उंबरठ्यावर आमचा निम्मा वर्ग गळून गेला, नेमक्या त्याच उंबरठ्यावर आजही शासनाचा हात सुटतो. आठवीत दुपारी खिचडी खाणारा मुलगा जूनमध्ये नववीत जातो आणि त्याच शाळेत उपाशी बसतो. भूक काय आठवी पास झाल्याने संपते? पंधरावे वर्ष हे मुलाला कोयता पेलण्याचे आणि मुलीला स्थळ येण्याचे वय. नेमक्या त्याच वर्षी शाळा घराच्या दृष्टीने एकाएकी महाग होते. फुल्यांनी बारा वर्षे मागितली, आपण सव्वाशे वर्षांनी चौदा दिली. वरच्या दोन वर्षांसाठी अजून आपल्यासारख्या संस्थांवरच भिस्त आहे.

गेल्या काही वर्षांत एका आईने आम्हांला ऑफिसच्या दारात उभे राहून विचारले होते, “सर, पोरगी हुशार हाय हे मलाबी कळतं. पण आम्ही उसाला गेल्यावर तिला ठेवू कुणापाशी?” तिच्या प्रश्नात शिक्षणाविषयी अनास्था कुठे आहे? आपले लोक मुलांना शाळेत घालत नाहीत, त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे शहरात स्थिरावलेले आपलेच बांधव म्हणतात तेव्हा आम्हांला ती बाई आठवते. महत्त्व तिला पुरते कळले होते. तिला हवी होती रात्री दार लागणारी खोली, दोन वेळचे जेवण आणि विश्वासाची बाई. ती मुलगी आमच्याकडे राहिली. तिचे पुढे काय झाले ते सांगून टाळ्या घेण्याचा मोह टाळतो, कारण तिच्यानंतर विचारायला आलेल्या दोन आयांना जागा नाही म्हणून परत पाठवावे लागले होते.

यावरून आमचे पहिले स्पष्ट मत. मेळाव्यांतून देणग्या जाहीर होतात त्या बहुतेक प्रवेशद्वाराला, रंगमंचाला, पुतळ्याच्या चौथऱ्याला किंवा नामफलकाला. देणाऱ्याची भावना शुद्ध असते, आणि बाबासाहेबांच्या व तथागतांच्या मूर्तीपुढे नतमस्तक होताना आमचेही मन भरून येते. परंतु कोठीघरात नववी-दहावीच्या मुलांसाठी तूरडाळ आणि तेल भरले तर त्यावर कुणाचे नाव कोरता येत नाही, म्हणून ते कुणी भरत नाही, ही वस्तुस्थिती आहे. अनुदान येते ते उशिराने येते, मंजूर संख्येपुरते येते, आणि किराणा दुकानदाराला ते कारण सांगून चालत नाही. प्रवेशद्वार नसले तरी मुले आत येतात. कोठी रिकामी असली की ती दिवाळीला घरी जातात आणि परत येत नाहीत. धम्मात दानाला जे स्थान आहे ते आपण सगळे जाणतो; अन्नदान त्यात कुठे बसते हे आम्ही सांगायला नको.

दुसरा विषय नाजूक आहे, तरी लिहितो. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांची मुले मराठी शाळेत आहेत. इंग्रजी माध्यम हवे, यात आम्हांला काही वावगे वाटत नाही. इंग्रजी ही दुधासारखी पौष्टिक आहे की नाही यावर वाद घालणाऱ्यांनी आधी बाबासाहेबांचे ग्रंथ कोणत्या भाषेत आहेत ते पाहावे. आक्षेप वेगळा आहे. ज्याची मुले या शाळेत नाहीत त्याला या शाळेच्या छताची गळती दिसत नाही. त्याला फक्त आपल्या वेळची गळती आठवते, आणि आठवणीतली गळती फार रम्य असते. कमी पटाच्या शाळा बंद करून समूह शाळा करण्याची चर्चा २०२३ साली सुरू झाली तेव्हा खेड्यातील पालक घाबरले, शिक्षक संघटना बोलल्या. शहरातील माजी विद्यार्थ्यांचे गट त्या वेळीही जुने फोटो पाठवीत होते. ज्या वाड्यावस्त्यांवरून आम्ही चालत आलो त्या वाटा पुन्हा लांबणार होत्या, आणि ज्यांनी त्या तुडविल्या तेच गप्प होते. आठवण जर आजच्या मुलाच्या पायाशी जाऊन पोहोचत नसेल तर ती करमणूक आहे. करमणुकीला आमची हरकत नाही, पण तिला कृतज्ञता म्हणू नये.

फोटोबाहेर राहिलेल्यांचे काय झाले, याचा विचार करताना आम्हांला नेहमी लोकशाहीर वामनदादा कर्डक आठवतात. जन्म १५ ऑगस्ट १९२२, गाव सिन्नर तालुक्यातील देशवंडी. बालपणी शाळा मिळाली नाही. अक्षरओळख मुंबईत, मोठेपणी, कष्टाची कामे करताना झाली. कोणत्याही हायस्कुलाच्या गटफोटोत ते नाहीत. आणि आज महाराष्ट्रात असे आपले एकही स्नेहसंमेलन होत नाही जिथे त्यांची गीते गायिली जात नाहीत. सगळीच गळालेली मुले वामनदादा होतात असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. बहुतेकांच्या वाट्याला पोती आली, खडी आली, कोयता आला. परंतु गावातील बुद्धविहाराची वीट वाहिली ती कुणी? जयंतीची वर्गणी गोळा केली, भिंतीवर निळा रंग लावला, नामांतराच्या वेळी मोर्चासाठी भाकऱ्या बांधून दिल्या, १४ जानेवारी १९९४ला विद्यापीठाचा नामविस्तार झाल्यावर गावात गूळ वाटला, तो कुणी? हुद्देदार तोपर्यंत बदलीच्या गावी होते. चळवळीचा गावातला संसार शाळा सुटलेल्यांनी चालविला, हे आमचे दुसरे मत, आणि याला आव्हान द्यायचे असेल तर आपापल्या गावच्या विहाराच्या कोनशिलेखाली कुणाचे हात लागले ते विचारून यावे.

म्हणून पुढच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाला आमची विनंती आहे की आठवणींचा एक भाग केवळ शाळा मध्येच सोडलेल्यांसाठी राखावा. त्यांना लिहिता येत नसेल तर आपल्या नववीच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे जाऊन ऐकावे आणि लिहून घ्यावे. इतिहास शिकविण्याची याहून चांगली पद्धत आम्हांला इतक्या वर्षांत सापडलेली नाही. गेल्या वर्षी एका तुकडीने प्रायोगिक म्हणून हे केले. एका गोदाम कामगाराने मुलांना सांगितले की त्याला आठवीतली भागाकाराची रीत अजून येते आणि पोत्यांचा हिशेब तो तशीच करतो. मुलांनी त्याच्याकडून मांडणी करून घेतली, ती बरोबर होती. एका बाईंनी मात्र सांगण्यास नकार दिला. “झालं ते झालं,” एवढेच म्हणाल्या. तेही मुलांनी वहीत लिहून ठेवले आहे, आणि ते छापू नये असे आमचे मत आहे.

यांपैकी काहींना अजूनही परीक्षेला बसता येते. १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसण्याची सोय आहे, हे खेड्यांतील अनेकांना ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी फॉर्म ऑनलाइन भरायला, जुना दाखला काढायला कुणीतरी सोबत लागते. मुलाच्या बरोबरीने आई दहावी झाल्याच्या बातम्या आपण निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात वाचतो. त्या बातम्या व्हाव्यात इतक्या दुर्मीळ आहेत, हेच खटकते. आपल्या शाळेच्या कार्यालयात जुना दाखला शोधण्यासाठी आलेल्या कुणालाही दुसऱ्या दिवशी या असे सांगितले जाऊ नये, एवढी तरी व्यवस्था आपल्या हातात आहे.

यंदाच्या मेळाव्याच्या दिवशी जनरल रजिस्टराचे जुने खंड ग्रंथालयातील मोठ्या टेबलावर ठेवावेत अशी विनंती आम्ही मुख्याध्यापकांना केली आणि त्यांनी ती मान्य केली आहे. आपण आपल्या प्रवेशाच्या वर्षाचे पान उघडावे, आपले नाव सापडल्यावर तिथेच न थांबता वरची आणि खालची नावे वाचावीत, आणि शेवटचा रकाना पाहावा. ज्याचा ठावठिकाणा आपल्याला ठाऊक असेल त्याचे सध्याचे गाव आणि असल्यास फोन नंबर लिहून द्यावा. रजिस्टर शासकीय दस्तऐवज असल्याने त्यात पेन लावू नये. त्यासाठी शेजारी एक कोरी वही ठेवलेली असेल.